घटपर्णी की सारासेनिया? आधी भाडेकरू बघा

घटपर्णी आणि सारासेनिया, दोन्ही घड्यासारख्या पानांत (घटांत) कीटक पकडणारी झाडं. नुसतं कीटक खाणारं झाड हवं असेल तर दोन्हींपैकी कुठलंही आणा, पस्तावणार नाही. पण घटातल्या पाण्यात कोण कोण राहतं, म्हणजे घटाचे भाडेकरू कोण, हे ज्याला बघायचं आहे, त्याने जरा थांबावं. माशी घसरते, बुडते, विरघळते, इथवर दोन्ही झाडं सारखीच. तिला पचवतं कोण, यात मात्र बराच फरक आहे.

सारासेनियातली परप्युरिया ही जात उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या दलदलीतली. तिचे घट बुटके, जमिनीलगत बसलेले. झाकण उभंच असल्याने पाऊस थेट आत पडतो. तिचे स्वतःचे पाचकरस तसे कमजोर, म्हणून बरंचसं काम भाडेकरू करतात. ताजी शिकार वर तरंगते, ती एका माशीची अळी खाते. ही अळी इतकी भांडखोर की एका घटात सहसा एकच उरते. तळाशी बसलेला गाळ मेट्रिओक्नेमस नावाच्या चिलटाच्या अळ्या कुरतडतात. त्यातून पाण्यात वाढणारे जिवाणू वायोमिया स्मिथी या डासाच्या अळ्या गाळून खातात. उरलेलं नत्र झाडाला. हिवाळ्यात घटातलं पाणी गोठतं तेव्हा चिलट आणि डास दोघांच्या अळ्या बर्फातच अडकून राहतात आणि वसंतात पुन्हा हलू लागतात. हा डास उत्तरेकडे माणसाला चावतही नाही. डासाचं कौतुक करण्याची वेळ अशी क्वचितच येते.

घटपर्णी, म्हणजे नेपेंथिस, स्वतःचा पाचकरस स्वतः तयार करते आणि वरच्या झाकणाने पाऊस बराचसा अडवते. तरी तिचे सोबती जास्त नाट्यमय. बोर्निओतल्या बायकॅलकराटा या जातीच्या पोकळ तणाव्यात मुंग्या राहतात. त्या घटात उतरून पोहतात, डासांच्या अळ्या पकडतात आणि घटाचा काठ निसरडा राहावा म्हणून तो साफ करतात. हेम्सलेयाना जातीच्या घटात छोटी वटवाघळं दिवसा झोपतात आणि त्यांची विष्ठा झाडाला खत होते. लोवाय जातीचं गणित तर आणखी सरळ आहे: खारीसारखा दिसणारा टुपाया हा छोटा प्राणी झाकणावरचा गोड स्राव चाटायला घटावर बसतो आणि घटाचा शौचकूप करून जातो.

आता कटू भाग. यातलं काहीही कुंडीबरोबर येत नाही. युरोपातल्या दलदलींत माणसाने परप्युरिया नेऊन लावली, तिथे वायोमिया डास नाही, तरी ती मजेत वाढते. भाडेकरूला घर लागतं, घराचं त्याच्यावाचून अडत नाही. म्हणून झाड निवडताना मुंग्या-वटवाघळांच्या गोष्टी बाजूला ठेवा आणि आपला हिवाळा बघा. परप्युरियाला तीन-चार महिने थंडीची झोप लागते. ती न मिळाल्यास झाड हळूहळू खंगतं. तिला भरपूर ऊन हवं, कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवलेली चालते. घटपर्णीला झोप नको, दमट हवा हवी, पण मुळांशी साचलेलं पाणी सोसत नाही. तिच्यातही सखल भागातल्या आणि डोंगरावरच्या जाती वेगळ्या. डोंगरावरचीला गार रात्री लागतात. दोघींनाही पावसाचं किंवा क्षारविरहित पाणीच द्या. मातीत खत नको.

माझं मत विचाराल तर: कडक थंडी पडत असेल तर परप्युरिया, तीही उघड्यावर. स्थानिक जीव घटात शिरतात आणि भिंगातून रोज काहीतरी हलताना दिसतं. बारमाही उबदार हवा असेल तर सखल भागातली घटपर्णी. तिचा रस मात्र सारखा ढवळू नका, झाड नाराज होतं. रोप रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्या; घटपर्णीच्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात येतो, आणि मेघालयातली खासियाना तर सर्वांत कडक यादीत आहे.

आणि परप्युरियाचा जुना घट काठाला तपकिरी झाला म्हणून लगेच कापू नका. गाळ तिथेच साचलेला असतो, आणि गाळावर जगणारे जीवही तिथेच सापडतात.