तेरा रुपये चव्वेचाळीस पैसे: ‘द व्हील ऑफ टाइम’चा संच, दहा महिन्यांनंतर

जूनमध्ये याच संचाला मी दोन तारे देऊन रागाच्या भरात चार ओळी खरडल्या होत्या. त्या काढून टाकल्या आहेत. आता सगळे भाग वाचून झालेत, डोकंही थंड झालंय, म्हणून नीट लिहितो. पुस्तकांना चार तारे, विकणाऱ्याला शून्य. दहाव्या भागाचं काय करायचं ते अजून ठरत नाही.

मालिका काय आहे ते एका ओळीत सांगतो: रॉबर्ट जॉर्डन यांची चौदा भागांची इंग्रजी जादुई कादंबरी-मालिका. हे वाचायला आलात म्हणजे रँड हा नायक आणि आयेस सेडाय म्हणजे जादू जाणणाऱ्या बायका हे तुम्हाला माहीत असणारच. मात्र एक सांगतो: पुढे थोडी कथा फुटणार आहे, कारण माझं भांडणच कथेच्या एका तुकड्यावरून आहे.

दिवाळीनंतर जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन दुकानातून चौदा भागांचा वापरलेला संच घेतला. ४,२०० रुपये, म्हणजे भागाला ३००. मी रविवार कारंजाजवळ एका भुसार दुकानात हिशेब लिहितो, त्यामुळे खोका आला तसा आधी काट्यावर ठेवला. सव्वासहा किलो. किलोला ६७२ रुपये पडले, बदामाहून स्वस्त. आमच्या हिला हाच हिशेब सांगितला, तिला काही तो पटला नाही.

पहिले पाच भाग मी वेड्यासारखे वाचले. गोदाकाठच्या माणसाला या गोष्टीत अवघड काही नाही. रामकुंडावर संकल्प सोडताना गुरुजी कल्प, मन्वंतर, युग असा लांबलचक पत्ता सांगतात, तोच हा हिशेब. चाक फिरतं, युगं येतात-जातात, माणसं परत जन्माला येतात. प्रत्येक भागाचं पहिलं प्रकरण वाऱ्यापासून सुरू होतं, हे मला तिसऱ्या भागात लक्षात आलं आणि उगाचच बरं वाटलं. नावं फार आहेत, म्हणून दुकानातली एक कोरी रोजमेळाची वही घेऊन खतावणी घातली: डावीकडे नाव, उजवीकडे कुठल्या भागात आलं आणि मेलं का. वहीची ६१ पानं भरली. नायनीव नावाची बाई रागाने स्वतःची वेणी किती वेळा ओढते याचंही खातं उघडलं होतं, ते पाचव्या भागात बंद केलं. शाई परवडेना.

सातव्यापासून गाडी मंदावते. रँडचा लोहार मित्र पेरिन, त्याच्या बायकोचं नाव इंग्रजीत वाचलं तर जवळजवळ ‘फाईल’ असंच होतं. ही फाईल आठव्या भागाच्या शेवटी पळवली जाते आणि हाती लागते अकराव्यात. आठवा भाग १९९८ चा, अकरावा २००५ चा. सात वर्षं फाईल सापडत नाही, याचं ज्यांनी सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेत त्यांना काही वाटणार नाही.

आता मूळ मुद्दा. जूनमध्ये मी अकराव्या भागात होतो. पाऊस सुरू झाला होता, पानं सर्द झाली होती. पेरिनच्या कमरेला हातोडा दिसला, पण कुऱ्हाड नाही. पहिल्या भागापासून त्याच्याकडे ती अर्धचंद्री कुऱ्हाड आहे. कुऱ्हाड की हातोडा, मारणारा की घडवणारा, यावर हा बाबा दहा भाग झुरतोय, आणि आता कुऱ्हाड नाहीच. मला वाटलं, लेखक विसरला. एवढा पसारा म्हटल्यावर एखादी कुऱ्हाड राहणारच कुठेतरी.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो आणि त्याचे चार मित्र कॉलेज रोडला एका टपरीवर जमतात, सगळे या मालिकेचे भक्त. त्यांच्यात पन्नाशीचा मी एकटाच. मुलं मला काका म्हणतात आणि चहाचे पैसे मलाच द्यायला लावतात. तिथे मी ऐटीत सांगितलं, की लेखकाची चूक सापडली. भाचा म्हणाला, “मामा, दहाव्यात टाकली ना त्यानं कुऱ्हाड! तो कैद्याचा हात तोडतो तेव्हा. तुम्ही वाचलंत ना?”

कसला कैदी? कुठला हात?

घरी येऊन दहावा भाग काढला. पाचशेच्या पुढे कुठेतरी पेरिन सो हाबोर नावाच्या गावी धान्य घ्यायला चाललेला, आणि पान उलटलं की रँडचा दुसरा मित्र मॅट सर्कशीबरोबर. पानांचे आकडे पाहिले तर मधली ३२ पानं गायब. एक वाक्य अर्ध्यात तुटलेलं, पुढचं अर्ध्यातून सुरू झालेलं, आणि मी मार्चमध्ये ते तसंच वाचून पुढे गेलो होतो. रात्री अकरानंतर वाचतो, डोळा लागला असेल म्हणून सोडून दिलं असणार. शिवाय दहाव्या भागाची ख्यातीच अशी की मध्ये काही घडलं नाही याचं कोणाला नवल वाटत नाही.

विकणाऱ्याशी चॅटवर बोललो. आधी “सर, फोटो पाठवा.” जी पानं नाहीत त्यांचा फोटो कसा काढायचा? तरी आकड्यांचा पाठवला. मग उत्तर आलं, की तक्रार सात दिवसांत करायला हवी होती. चौदा भागांची मिळून दहा हजारांवर पानं होतात. सात दिवसांत तपासायची तर रोज चौदाशेच्या वर. हे मी त्यांना लिहिलं. त्यावर त्या माणसाने, देवाशपथ सांगतो, असं लिहिलं: “सर, बुक टेनमध्ये काही होत नाही, फॅन्स स्किप करतात.”

माझं डोकं फिरलं ते इथे. किडका गहू विकून “तुम्ही कुठे भाकरी जास्त खाता” असं म्हणण्यासारखं आहे हे. शेवटी पन्नास रुपयांचं कूपन दिलं. मी हिशेब केला: ४,२०० रुपयांत दहा हजार पानं धरली, तर ३२ पानांचे होतात तेरा रुपये चव्वेचाळीस पैसे. म्हणजे नुकसानीच्या जवळजवळ चौपट भरपाई मिळाली. तरी तत्त्व म्हणून मी कूपन नाकारलं. म्हणजे तसं लिहून कळवलं. ते खात्यात तसंच पडून राहिलं.

पुस्तक दहीपुलाजवळ एका बाइंडरकडे नेलं. चोपड्या आणि वह्या बांधणारा जुना माणूस, इंग्रजी कादंबऱ्यांशी काही संबंध नाही. त्याने चष्मा वर केला, पुस्तक उलटं धरलं आणि अंगठ्याने पाठीवरून फर्मे, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, मोजत खाली आला. एका जागी अंगठा थांबला. म्हणाला, “पडलेला नाही हा. डिंक बघा, सलग आहे. छापखान्यात फर्मे गोळा करतानाच राहिलाय.” मग जरा तुच्छतेने: “जुजबंदी असती तर शिवताना कळलं असतं. ही नुसती डिंकाची बांधणी.”

म्हणजे हा संच आधी ज्याचा होता, त्यालाही ती पानं कधी मिळाली नव्हती! त्याच्या पेन्सिलीच्या खुणा तेराव्या भागापर्यंत आहेत, दहाव्यातसुद्धा तुटलेल्या वाक्याच्या चार पानं पुढे एक उद्गारचिन्ह आहे. त्यालाही पत्ता लागला नाही. हे कळल्यावर विकणाऱ्यावरचा राग थोडा कमी झाला. फक्त थोडा.

भाच्याच्या एका मित्राकडे हीच आवृत्ती होती. तिची ३२ पानं झेरॉक्स केली, एका कागदावर दोन, सोळा कागदांचे बत्तीस रुपये. बाइंडरने ती कापून, खळ लावून बसवायचे ऐंशी घेतले. तेरा रुपये चव्वेचाळीस पैशांच्या मालावर एकशे बारा रुपये खर्च. आमच्या दुकानाचे मालक हसत होते.

झेरॉक्स हातात आली तेव्हा बांधायला देण्याआधी दुकानातच दुपारच्या सुट्टीत वाचली. आणि इथे मला आधीचं मत बदलावं लागलं.

सो हाबोरमध्ये पेरिन फौजेसाठी धान्य घ्यायला जातो. गाव घाण, माणसं न धुतलेली, भुताखेतांनी पछाडलेली, ते सगळं आहेच. पण धान्य उघडतात तर त्यात सोंडे. व्यापारी तोंडावर काही दाखवत नाहीत. मी तीस वर्षं भुसार मालात आहे. पावसाळ्यात पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि आत कोमट लागलं की समजायचं, माल गेला. कीड लागलेला गहू आतून तापतो. मग वरचा थर हलायला लागतो, तुम्ही काही न करता. ते कोमटपण या पुस्तकात नाही, पण किडकं धान्य समोर असताना विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही नसतं, ते अगदी बरोबर आहे. चौदा भागांत राजवाडे, जादू, लढाया झाल्या, पण मी दचकलो तो इथे.

एक तक्रार मात्र आहेच. तिथे धान्य पाखडून घेतात आणि काम झालं. पाखडून वरचे सोंडे जातात, पोकळ दाणे उडतात, पण मादी अंडं दाण्याच्या आत घालते. ते सुपाने कसं जाणार? महिन्याभरात पुन्हा तेच. यावर मी टपरीवर वीस मिनिटं बोललो, मुलं मोबाइल बघत बसली. शेवटी भाचा म्हणाला, “मामा, तिथे बर्फ पडतोय.” थंडीत किडीची वाढ थांबते, हे खरं. लेखकाला माफ केलं.

मग तो कैद्याचा प्रसंग आणि कुऱ्हाड फेकणं. ते सांगत नाही. एवढंच, की ते वाचलं नसेल तर अकराव्यातला पेरिन अर्धाच कळतो.

दहावा भाग वाईट आहे असं सगळे का म्हणतात तेही आता समजलं. नववा आला २००० मध्ये, दहावा जानेवारी २००३ मध्ये. दोन वर्षं थांबून लोकांनी उघडला, तर नवव्याच्या शेवटी जो मोठा प्रकार घडतो त्या वेळी बाकीची मंडळी कुठे होती, यातच बरीच पानं जातात. राजकन्या एलेनची आंघोळसुद्धा सविस्तर. थांबलेल्या माणसाला राग येणारच. मी नववा संपवून दुसऱ्या दिवशी दहावा घेतला, मला रटाळ वाटला, पण फसवणूक वाटली नाही. माझी तेवढी फसवणूक दुसरीकडून झालीच होती.

शेवटचे तीन भाग दुसऱ्या लेखकाचे, हे माहीत असेलच. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक. त्यांनी ब्रँडन सँडरसनला निवडलं. उरलेलं एका भागात बसवायचं होतं, ते तीन झाले: २००९, २०१० आणि जानेवारी २०१३. घराचं बांधकाम काढलेल्या कुणालाही हे नवीन नाही. बाराव्यात मॅट वेगळाच बोलतो, विनोद जरा ओढून आणल्यासारखे. चौदाव्यात सावरतो. तिथलं शेवटच्या युद्धाचं प्रकरण एकटंच शंभराच्या कितीतरी वर पानांचं आहे, मी ते दोन रात्रींत वाचलं आणि दोन्ही दिवस रोजमेळात चुका केल्या. पहिला भाग जानेवारी १९९० चा. म्हणजे मालिका पुरी होईतो नाशकात १९९१ आणि २००३ असे दोन सिंहस्थ उरकले.

जोडपुस्तकांबद्दल लोक विचारतात. ‘न्यू स्प्रिंग’ ही मोइरेन नावाची आयेस सेडाय आणि तिचा रक्षक लॅन यांची आधीची, वीस वर्षं मागची गोष्ट. आधी १९९८ मध्ये लघुकादंबरी म्हणून आली, मग २००४ मध्ये मोठी करून, म्हणजे दहाव्या आणि अकराव्याच्या मध्ये. ती कधी वाचायची यावर टपरीवर दोन गट आहेत आणि एकदा चहा सांडेपर्यंत भांडण झालंय. माझं मत: पहिल्यांदा मुळीच नको. मोइरेन पहिल्या भागात खेड्यातल्या त्या खाणावळीत येते तेव्हा ती कोण हे माहीत नसण्यातच गंमत आहे. दहाव्यानंतर वाचा, तोवर सुटसुटीत गोष्टीची भूकही लागलेली असते. २०१५ चा तो जाडजूड ‘कम्पॅनियन’ मी घेतलेला नाही. प्रत्येक भागामागे शब्दार्थ दिलेत आणि माझी ६१ पानांची वही आहे. २०२१ मधली ओटीटीवरची मालिका तीन सत्रांत बंद पडली, तिच्याबद्दल भाच्यासमोर बोलायचं नाही असं ठरलंय.

‘न्यू स्प्रिंग’ मी त्याच विकणाऱ्याकडून घेतली. पन्नासच्या कूपनची मुदत संपत आली होती. या वेळी घरी आल्याबरोबर पानांचे आकडे एकेक करून तपासले. सगळी आहेत.

बांधणीबद्दल शेवटचं. सहावा भाग पाठीत दोन ठिकाणी तडकलाय, चौथ्याची पहिली काही पानं हातात येतात, बाकी ठीक. दहाव्यात झेरॉक्सचा कागद जाड असल्यामुळे पुस्तक मिटत नाही, फडताळात ते मधून फुगलेलं दिसतं. ही परवा पुसताना म्हणाली, “पुस्तकातला गहू निवडून झाला असेल तर डब्यातला घ्या, पाऊस संपत आलाय.” दोन संध्याकाळी चाळण घेऊन बसलो. सोंडे निघाले, चारच.

भाच्याचा आणखी एक मित्र आता मालिका सुरू करतोय, संच मागायला आला होता. तेरा भाग दिले. दहावा त्याने इथे येऊन वाचायचा, झेरॉक्सची पानं अजून नीट चिकटलेली नाहीत.