साडी-कव्हर: सुरतीला चालतील, पैठणीला नकोत

सहा कव्हरं, साडेचारशे रुपये, घरपोच. नॉन-वोव्हन कापडाची, वर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, तीन बाजूंनी चेन. एकात दहा-बारा साड्या मावतात असं वेष्टनावर छापलंय. सुरती जॉर्जेट असतील तर खरंच मावतात. काठापदराच्या भरल्या की सहाव्या साडीनंतरच चेन कुरकुरायला लागते.

आधी चांगलं सांगते. मार्च लागला की धुळ्यात जी धूळ उडते, ती बंद गोदरेजच्या कपाटातही शिरते. कव्हरांमुळे ती साड्यांपर्यंत पोचत नाही. चेन प्लास्टिकच्या दात्यांची आहे, म्हणजे गंज नाही आणि जरीचा धागाही अडकत नाही. लग्नाच्या सकाळी घरात पाहुणे, बाथरूमपुढे रांग, अशा वेळी खिडकीतून बघून हवी ती साडी ओढता येते. आमच्याकडे सुरतेच्या साड्यांना तोटा नाही. सुरत-भुसावळची ताप्ती रेल्वे लाईन जवळच आहे, आहेरात येते ती बहुतेक सुरतीच. त्या सगळ्या मी या कव्हरांत भरल्यात आणि एकीलाही काही झालेलं नाही. शिफॉन, जॉर्जेट, रोजच्या कॉटन यांच्यासाठी पाचपैकी चार. कॉटनची तेवढी खळ धुऊन मगच ठेवा. कपडे खाणाऱ्या कसरीला खळ फार आवडते.

रेशमाला मात्र मी एकच देईन. कारण सांगते.

पुण्या-मुंबईकडच्या बायका पावसाळ्याला भितात. आपल्या खान्देशात साडीची परीक्षा चैत्र-वैशाखातच सुरू होते. बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्री, आणि घरात दिवसभर कूलर. कूलर म्हणजे पाणीच की! खिडक्या लावून घेतल्या की ती सगळी ओल खोलीत कोंडते, आणि कपाट हमखास त्याच खोलीत, बऱ्याचदा कूलरच्या झोतासमोर. आमचंही तसंच होतं. मे महिन्यात एक कव्हर उघडलं आणि प्लास्टिकच्या खिडकीला आतून बोट लावलं, तर चिकट लागलं. अगदी खिडकीखालच्या साडीला कोंदट वास, आणि कडेच्या, कापडाला लागून असलेल्या साड्या कोरड्या ठणठणीत. नॉन-वोव्हन कापडातून हवा खेळते, प्लास्टिकमधून नाही, एवढी साधी गोष्ट. कपाट कूलरपासून हलवलं तर फरक पडतो. आम्ही हलवलं. दोन खोल्यांच्या घरात हलवणार तरी कुठे, हा प्रश्न ज्यांना आहे त्यांनी निदान रेशीम तरी या कव्हरात कोंडू नये.

ओल आणि जरी यांचं जमत नाही. खरी जरी म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत तांबं असतं. दमट हवा आणि हवेतलं गंधक मिळून दोन्ही काळी पाडतात. म्हणूनच संचासोबत आलेली रबरबँडं मी लगेच बाजूला काढली. कव्हरांची घडी त्यांनी बांधलेली होती. पण आमच्या जाऊबाईंनी तीच उचलून निऱ्यांना लावली, पदर सुटू नये म्हणून. रबरात गंधक असतं. जाऊबाईंच्या आंबा रंगाच्या काठावर आता बरोबर रबराच्या रुंदीचा काळपट पट्टा आहे, बोटभर अंतरावर दुसरा. पॉलिशवाल्याने हात जोडले. निऱ्या बांधायच्याच असतील तर जुन्या मऊ लुगड्याची पट्टी फाडून घ्या.

वजनाचंही तेच. एकावर एक दहा साड्या रचल्या की तळातल्या पैठणीची घडी जरीवरच दाबली जाते, आणि वर्षानुवर्षं त्याच रेषेवर दाबली गेली की रेशीम तिथेच विरतं. कव्हर छान चौकोनी दिसतं म्हणून आपण ते हलवत नाही, खरी अडचण ती. आम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की आणि श्रावणात कानबाईच्या, आमच्या खान्देशच्या देवीच्या, सणाआधी, असं दोनदा सगळं बाहेर काढतो आणि घडी बदलतो. कानबाईच्या रोटांना, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या करताना, नेसलेली साडी धुराचा आणि तुपाचा वास घेऊन येते. ती तशीच चेनबंद करायची नाही. सासूबाई अजूनही तेच सांगतात: "लुगडाले वारा लागू दे व माय." सावलीत, पंख्याखाली, रात्रभर. ऊन नको, रंग उडतो.

आता डांबरगोळ्या. कव्हरात कोपऱ्याला त्यांच्यासाठी चिमुकला खिसा दिलाय, कल्पना चांगली वाटते. गोळी जरीला टेकायला नको हे सगळ्यांना माहीत असतं. कापूर आणि डांबरगोळी एकत्र ठेवायचे नाहीत, हे फार कमी जणींना माहीत असतं. दोन्ही वेगवेगळे घन राहतात, पण एकमेकांना लागले की आपल्या उन्हाळ्यात मिळून पातळ होतात आणि पाझरतात. शेजारच्या काकूंनी देव्हाऱ्यातल्या कापराच्या वड्या "वास चांगला येतो" म्हणून त्याच खिशात घातल्या होत्या. तेलकट डाग साडीच्या तीन घड्यांतून पार झाला. मी त्या खिशात वेखंडाचा तुकडा आणि लवंगा, मलमलच्या पुरचुंडीत, ठेवते. कोरड्या असाव्यात एवढंच. कडुनिंबाचा पाला घालायचा तर आधी चांगला वाळवा, ओला पाला कव्हरात म्हणजे बुरशीला आवतण.

आणखी एक. या कव्हरांना ऊन सोसत नाही. जाऊबाईंकडची जुनी कव्हरं काचेच्या कपाटात होती, पश्चिमेच्या खिडकीसमोर. हात लावला की पापुद्रे सुटतात, आणि खाली पांढरा भुगा. लोखंडी बंद कपाट असेल तर जास्त टिकतील.

रेशमासाठी मी धुळ्यातल्या पाचकंदीलच्या बाजारातून मांजरपाट आणलं. कोरं, न रंगवलेलं. दुकानदार पांढरंशुभ्र दाखवतो, ते घेऊ नका. घरी दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढली, नाहीतर कसरीला आपणच जेवायला वाढल्यासारखं. गल्लीतल्या शिंप्याकडून एकेका साडीच्या मापाच्या पिशव्या शिवून घेतल्या. तोंडाला नाडी, चेन नाही. बाहेरून कापडाची चिठ्ठी टाचून घेतली आणि त्यावर रंग आणि कोणत्या कार्याची हे लिहिलं, त्यामुळे खिडकीची आठवण येत नाही. पैठणी आणि शालू त्यात एकेकटे, पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल गुंडाळून त्यावर सैल लपेटलेले. हँगरला लावू नका, जड पदर आपल्याच वजनाने ओढला जातो.

कापड आणि शिलाई धरून एक पिशवी त्या विकतच्या कव्हरापेक्षा थोडी महागच पडते. शिंप्याकडे लग्नसराईत जाऊ नका, ब्लाउजच्या ढिगात पिशव्या महिनाभर पडून राहतात. आषाढात द्या.