चाळीसचा लॅपटॉप की पासष्टचा?

बारामतीहून ताईचा फोन. भाचीला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, हॉस्टेलही ठरलं, राहिला फक्त लॅपटॉप. दुकानदाराने दोन दाखवले होते, एक चाळीस हजारांच्या आसपासचा, दुसरा पासष्टच्या. "पंचवीस हजारांत तिची सहा महिन्यांची मेस निघते रे. दिसायला तर दोन्ही सारखेच आहेत." मी तिला दोन्हींच्या डब्यांवरच्या लेबलांचे फोटो पाठवायला सांगितले.

लेबल वाचूनही पटकन फरक कळत नाही. दोन्हींवर एएमडी कंपनीचा रायझन ५ प्रोसेसर (लॅपटॉपचा मेंदू), दोन्हींत ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवायची जागा), दोन्हींचा स्क्रीन साडेपंधरा इंची. खरी गोम प्रोसेसरच्या नंबरात होती. स्वस्तातला ७५२०यू, महागातला ७५३५एचएस. एएमडीच्या या मालिकेत पहिल्या ७ वर जाऊ नका, तिसरा आकडा बघा. तिथे २ असेल तर आतली रचना ‘झेन २’ नावाची, म्हणजे २०१९ साली बाजारात आलेली. ३ असेल तर पुढची पिढी. शिवाय एकात कोअर (एकाच वेळी कामं वाटून घेणारे भाग) चार, दुसऱ्यात सहा. म्हणजे नवीन कव्हर घातलेली जुनी वही आणि खरंच नवी वही, असा हा मामला.

पण माझ्या लेखी त्याहून मोठा फरक रॅमचा, म्हणजे उघडलेली कामं धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीचा. चाळीसवाल्यात ८ जीबी, पासष्टवाल्यात १६. "आत्ता ८ घ्या, पुढे वाढवू" असं दुकानात हमखास सांगतात. ७५२०यू ज्या प्रकारची रॅम घेतो ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, वाढवायला स्लॉट नसतो. हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. माझा आधीचा लॅपटॉप रॅम टाकायला नेला, कारागिराने मागचे दहा स्क्रू काढले, झाकण उचललं, आत बघितलं आणि एक शब्द न बोलता मशीन माझ्याकडे फिरवलं. स्लॉटची जागाच नव्हती. तोच लॅपटॉप मी आणखी दोन वर्षं कण्हत-कुंथत वापरला.

८ जीबीतलाही काही भाग ग्राफिक्ससाठी बाजूला जातो. उरलेल्यात विंडोज ११, क्रोमचे पंधरा टॅब, एक पीडीएफ आणि ऑनलाइन लेक्चर एवढं उघडलं की मशीन धापा टाकायला लागतं. भाचीला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) लागला, तर इम्युलेटरसकट (स्क्रीनवरचा नकली फोन) चालवायला गूगल स्वतःच १६ जीबी सांगतं. चार वर्षांचा कोर्स आहे, हे इथे विसरून चालत नाही.

स्क्रीनबद्दल आकडे सांगण्यात अर्थ नाही, दुकानात जाऊन बघायचं. ताईला सांगितलं, दोन्हींवर एकच पांढरं पान आणि एकच फोटो उघड, आणि झाकण थोडं मागे-पुढे कर. स्वस्तातल्यावर (टीएन पॅनल) झाकण कलल्याबरोबर चेहरे काळवंडले, लाल रंग विटकरी दिसला. महागातला आयपीएस, कुठूनही सारखा. मग झाकण एका बोटाने उघडून बघायला लावलं. चाळीसवाल्याचा कीबोर्डाचा भागही बरोबर उचलला जात होता, आणि बिजागरीजवळचं प्लास्टिक दाबलं की करकरत होतं. रोज वीस वेळा उघड-मीट होणाऱ्या यंत्रात ते प्लास्टिक आधी जातं.

पासष्टवाला सगळीकडेच जिंकतो असंही नाही. वजन जवळपास दोन किलो, वर चार्जर विटेएवढा. बॅटरी मोठी आहे खरी, पण एचएस प्रोसेसर वीजही जास्त ओढतो, त्यामुळे प्लग न लावता दिवस काढण्यात दोघांत फारसा फरक पडणार नाही. एसएसडी सारखीच, आणि ती दोन्हींत पुढे बदलता येते, म्हणून १ टीबीसाठी आज जादा पैसे मोजू नयेत.

दुकानदाराने ताईला तिसराही दाखवला, वेगळं ग्राफिक कार्ड असलेला, "एआय शिकायला लागतोच" म्हणून. नाही लागत. सुरुवातीच्या वर्षांतलं मशीन लर्निंग गूगल कोलॅबवर (ब्राउझरमधून प्रोग्रॅम चालवायची सोय) फुकट मिळणाऱ्या जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक प्रोसेसरवर, आरामात होतं. आर्किटेक्चर किंवा मेकॅनिकलवाल्यांचं वेगळं. थ्रीडी मॉडेल फिरवायची असतील तर तो खर्च योग्य ठिकाणी जातो. (त्यांनी मॅकबुकच्या मोहातही पडू नये. सॉलिडवर्क्स हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं.)

आणि भाची बी.कॉम.ला असती तर? मी चाळीसच्या टप्प्यातलाच घे म्हटलं असतं, फक्त स्क्रीन आयपीएस बघून. टॅली, एक्सेल, वर्ड आणि लेक्चर यांना सहा कोअर लागत नाहीत, उरलेल्या पैशांत क्लासची फी भागते.

मधला रस्ताही आहे. पन्नासच्या आसपास ८ जीबी रॅम आणि एक रिकामा स्लॉट असलेली मॉडेलं मिळतात. पूर्वी मी तेच सुचवायचो. पण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, म्हणून आधी त्या जादा ८ जीबीचा आजचा भाव विचारायचा, मग बेरीज करायची. बेरीज साठच्या पुढे गेली तर सरळ पासष्टचा परवडतो.

ताईने पासष्टचाच घेतला. बिल मला पाठवलं तेव्हा त्यात दीड हजारांचं अँटिव्हायरस न विचारता लावलेलं होतं. विंडोजमध्ये डिफेंडर हे अँटिव्हायरस आधीच असतं. ते काढायला लावलं, आणि त्यात थोडी भर घालून पडझड नि सांडलवंड धरणारी वॉरंटी घेतली. साध्या वॉरंटीत कीबोर्डवर सांडलेला चहा बसत नाही, आणि भाची चहाचा कप लॅपटॉपशेजारीच ठेवते.