आधी कुठली लावू: ‘टँजरिन्स’ की ‘रिप्लाय १९८८’?

श्रीमंत वारसदार आणि ऑफिसातल्या प्रेमकथांचा कंटाळा आलाय, घरच्यांसोबत बसून बघता येईल असं काहीतरी कोरियन हवंय, असं कुणी म्हटलं की हल्ली दोन नावं हमखास पुढे येतात. एक २०२५ ची ‘व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स’, दुसरी २०१५-१६ ची ‘रिप्लाय १९८८’. दोन्हींत पार्क बो-गम हा नट, दोन्हींत घरातली ओढाताण, आणि दोन्ही बघताना लोक ढसाढसा रडतात. त्यामुळे कुठलीही लावली तरी तेच, असा समज होतो. माझं मत वेगळं आहे.

आधी हिशेब वेळेचा. ‘टँजरिन्स’चे भाग सोळा, प्रत्येक साधारण तासाभराचा. मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर ते दर आठवड्याला चार असे आले आणि चार गटांना ऋतूंची नावं होती. ‘रिप्लाय’चे भाग वीस आणि त्यातले बरेचसे दीड तासाच्या घरात. म्हणजे एक मालिका दोन-तीन सुट्ट्यांत उरकते, दुसरीला महिनाभर तरी सोबत ठेवावं लागतं. शिवाय ‘रिप्लाय’ सुरुवातीला ‘काही घडतच नाही’ अशी वाटते. पाच घरं, एक गल्ली, सोलमधलं सांगमुन-दोंग. पोरं एकाच्या खोलीत पडीक, आया दारापुढच्या बाकावर बसून भाजी निवडतायत. पहिल्याच भागात संध्याकाळी प्रत्येक आई शेजारी एकेक पदार्थ पाठवते. पोरं वाट्या घेऊन गल्लीत वर-खाली पळतात आणि शेवटी सगळ्यांच्या ताटात तेच ते पदार्थ जमतात. चाळीत वाढलेल्या माणसाला इथे काहीही समजावून सांगावं लागत नाही.

आणि मग येतो केकचा प्रसंग. डोक-सन ही मधली मुलगी. थोरल्या बो-राचा वाढदिवस तिच्या वाढदिवसाला लागूनच येतो, म्हणून घरात एकच केक. बो-राचं झालं की त्यातल्या मेणबत्त्या काढून तोच केक डोक-सनपुढे. भावाला आणि बहिणीला कोंबडीची तंगडी, हिच्या वाट्याला पंख. अंडी कमी असली तर हिला नाही. इतकी वर्षं हसून निभावलेली ती पोर त्या रात्री फुटते, एकेक गोष्ट मोजून दाखवते. नंतर बाप गल्लीच्या तोंडाशी तिच्यासाठी वेगळा केक घेऊन बसतो आणि सांगतो की बाप होण्याची त्याचीही ही पहिलीच वेळ आहे. मागे रडं काढणारं भव्य संगीत नाही, मृत्यू नाही, खलनायक नाही. माझ्या ओळखीतल्या मधल्या भावंडांनी हा प्रसंग बघून जी शांतता पाळली, ती पुरेशी बोलकी आहे.

‘टँजरिन्स’ याच्या उलट टोकाला उभी आहे. जेजू बेट, १९५० च्या दशकात जन्मलेली ए-सुन, तिची आई ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढणारी हेन्यो. (या बायकांच्या परंपरेला २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. मालिकेत मात्र परंपरेचं कौतुक कमी आणि दम लागलेली छाती जास्त दिसते.) पुढे ए-सुनचं लग्न, मुलं, मुलीचं सोलला शिकायला जाणं, ठरलेलं लग्न सासूच्या तोऱ्यापायी मोडणं, १९९७ चं आर्थिक संकट, म्हातारपण. अख्खं आयुष्य सोळा भागांत बसवल्यामुळे दर भागात काहीतरी मोठं घडतं. दिग्दर्शक किम वॉन-सॉक आणि लेखिका लिम सांग-चुन यांचा हात इतका सराईत आहे की आपण अडकतोच. पण कुठे रडायचं ते निवेदन आपल्याला आधीच दाखवून देतं, हेही खरं. मला ते कधी कधी जास्त झालं. माझ्या आईला अजिबात झालं नाही.

तरी या मालिकेतला माझा आवडता प्रसंग रडण्याचा नाहीच. सासरी पुरुषांचं जेवण एका टेबलाशी, बायकांचं दुसऱ्या. ए-सुनचा नवरा ग्वान-शिक पुरुषांत बसलाय. तो वाद घालत नाही, भाषण देत नाही. बसल्या जागी फक्त वळतो, घरच्या पुरुषांकडे पाठ करतो आणि बायकोच्या टेबलाकडे तोंड करून जेवायला लागतो. आधी पुरुषांची पंगत आणि मग उरलंसुरलं बायकांना, हे ज्यांनी आजोळी बघितलंय त्यांना त्या वळण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

पार्क बो-गमसाठीच बघणार असाल तर तिथेही फरक आहे. ‘रिप्लाय’मधला त्याचा तेक हा बादुकच्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या बैठ्या खेळाच्या, पटावरचा चॅम्पियन आणि पटाबाहेर सगळ्यात गोंधळलेला, गल्लीतले मित्र त्याला सांभाळून घेतात. ‘टँजरिन्स’मध्ये तो तरुण ग्वान-शिक, सगळ्यांना सांभाळणारा. बाजारात ए-सुनचा कोबी तोच विकतो, ती शेजारी पुस्तक वाचत बसते. बोलणं दोन्हीकडे मोजकंच. मात्र ‘टँजरिन्स’मध्ये वय वाढल्यावर ग्वान-शिक होतो पार्क हे-जुन. ‘द वर्ल्ड ऑफ द मॅरिड’मध्ये बायकोला फसवणारा नवरा म्हणून त्याला शिव्या घातलेल्यांना दोन-तीन भाग विश्वासच बसत नाही की हा माणूस आता चांगला आहे. गायिका-अभिनेत्री आययूचं मात्र दुहेरी कौतुक करायला हवं: तरुण ए-सुन तीच आणि पुढे तिची मुलगी गुम-म्यंगही तीच, तरी दोघी वेगळ्या वाटतात.

‘रिप्लाय’ची खोड म्हणजे ‘डोक-सनचा नवरा कोण’ हे कोडं. शेवटपर्यंत ताणलंय, आणि ज्यांनी गल्लीतल्याच मित्रांपैकी एका जुंग-ह्वानच्या बाजूने पैज लावली होती ते आजही फुरंगटलेले आहेत. विनोद फसला की वाजणारं शेळीचं बें-बेंही काहींना असह्य होतं. पण बो-राचं विद्यार्थी आंदोलनात पोलिसांच्या हाती लागणं आणि पावसात रक्ताळलेल्या पायाने त्यांच्यापुढे गयावया करणारी तिची आई बघितली की वाटतं, लोकशाही नुकती रुजत असलेल्या १९८८ च्या कोरियाबद्दल ही गल्ली बरंच सांगून जाते.

तर ठरवायचं कसं? आईवडील सोबत बसणार असतील आणि त्यांना सबटायटल वाचायचा कंटाळा असेल, तर ‘टँजरिन्स’. एखादी ओळ सुटली तरी चेहऱ्यांवरून कळतं. ‘रिप्लाय’मधली निम्मी गंमत एकमेकांना मारलेल्या टोमण्यांत आहे, ती वाचल्याशिवाय हाती लागत नाही. वडील किंवा आई नुकतीच गेली असेल तर ‘टँजरिन्स’ सध्या राहू द्या, विशेषतः शेवटचे चार भाग. रोज रात्री जेवताना थोडं थोडं बघायची सवय असेल, कॉलेजचा कंपू आठवत असेल, तर ‘रिप्लाय’, डोळे मिटून. फक्त तिला तीन भागांची मुदत द्या. तेवढ्यात गल्लीतली माणसं नावानिशी ओळखीची झाली नाहीत, तर खुशाल सोडा आणि दुसरीकडे वळा. एक संपल्या संपल्या लगेच दुसरी लावू नका, मध्ये एखादी खुनाची मालिका टाका.