घरच्या रियाजासाठी फेंडर फ्रंटमन १०जी

नवी इलेक्ट्रिक गिटार घेतली की तिच्याबरोबर दुकानदार हमखास दाखवतात तो हा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका. १० वॅट, ६ इंची स्पीकर, वजन चार किलोच्या आत-बाहेर. कॉर्ड आणि पिकिंगचा पाया घडवणाऱ्यासाठी तो चांगला आहे, हेवी मेटल वाजवणाऱ्यासाठी मुळीच नाही.

पुढच्या पट्टीवर गेन (ओव्हरड्राइव्हचा जोर ठरवणारा नॉब), ओव्हरड्राइव्हचं म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करायचं बटण, व्हॉल्यूम, ट्रेबल, बेस आणि मोबाईल व हेडफोन जोडायची सोय आहे. मिडचा म्हणजे मधल्या सुरांचा नॉब नाही, रिव्हर्ब म्हणजे घुमारा नाही. क्लीन, म्हणजे ओव्हरड्राइव्हविना येणारा आवाज मात्र स्वच्छ. पूर्ण कॉर्ड छेडली तर प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, आणि एखादं बोट नीट दाबलेलं नसेल तर तेही लगेच कळतं. शिकणाऱ्याला हेच हवं असतं. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम ३ वर, ट्रेबल ५, बेस ४ वर ठेवा आणि तिथून पुढे कानाने ठरवा. पिकअप म्हणजे तारांची कंपनं टिपणारं चुंबक. सिंगल कॉइल म्हणजे एकाच गुंडाळीचे पिकअप असलेल्या गिटारच्या ब्रिजजवळच्या पिकअपवर ट्रेबल ३ पर्यंत उतरवा, नाहीतर आवाज कानाला टोचतो.

ओव्हरड्राइव्ह ही याची कमकुवत बाजू. गेन ४ पर्यंत ब्लूजपुरता बरा आवाज येतो. त्यापुढे मोहोळ उठल्यासारखं नुसतं घोंघावतं, स्वर हरवतो. शिवाय दोन्ही आवाजांना व्हॉल्यूम एकच, त्यामुळे बटण दाबलं की आवाज एकदम उसळतो. पायाने दाबायचं फुटस्विच जोडता येत नाही, म्हणजे दर वेळी हात तारांवरून काढावा लागतो. हेडफोनवर हा कर्कशपणा आणखी उघडा पडतो. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरची करकर गाळून टाकतो. हेडफोन ती सगळी कानात ओततो.

रात्री हेडफोन लावूनच वाजवणार असाल तर ऑरेंज क्रश १२ घ्या. त्याच्या हेडफोनच्या जोडणीत स्पीकरसारखी गाळणी बसवलेली आहे आणि मिडचा नॉबही आहे. पण मोबाईलवरचा ट्रॅक त्याला जोडता येत नाही. बॉस कटाना मिनी ७ वॅटचा, ६ डबल ए सेलवर चालणारा. क्लीन, क्रंच (थोडा फाटका), ब्राउन (जास्त फाटका) असे तीन आवाज आणि डिले म्हणजे प्रतिध्वनी देतो. त्याचा ओव्हरड्राइव्ह फ्रंटमनपेक्षा कितीतरी सरस आहे. फक्त स्पीकर ४ इंची, त्यामुळे जाड ई तार हडकुळी वाटते. अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो: ९ व्होल्ट आणि पिनच्या मधल्या भागाला ऋण. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत मध्ये धन असतं. लावण्याआधी त्यावरची खूण बघाच.

वॅटच्या आकड्यावर भाळू नका. १० वरून २० वॅटवर गेलात तर फरक ३ डेसिबलचा, म्हणजे आवाज जरासाच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. फ्लॅटमध्ये १० वॅटसुद्धा अर्ध्यापर्यंत उघडता येत नाहीत. जास्तीचे पैसे ८ इंची स्पीकरवर घाला, खर्जाला अंग येतं. पैसे वाचवायला होम थिएटरला गिटार जोडणं मात्र टाळा. पिकअपला साधारण १० लाख ओहमचं इनपुट लागतं, तिथे ते हजारांतच असतं, म्हणून आवाज घोंगडीखालून आल्यासारखा मंद येतो.

नवा अ‍ॅम्प घरी आणला आणि घूंऽऽ असा आवाज येतोय, ही तक्रार फार ऐकू येते. दर वेळी दोष अ‍ॅम्पचा नसतो. तारांना हात लावल्यावर तो कमी होत असेल तर गिटारचं वायरिंग ठीक आहे. सिंगल कॉइल पिकअप असेल तर ट्यूबलाइट, डिमर, चार्जर यांपासून दूर बसा, बसायची दिशा बदलून बघा. तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या तर वाजवणं लगेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत घुसवून अर्थिंग तोडणं धोक्याचं आहे. मोबाईल जोडल्यावरच आवाज सुरू झाला तर मोबाईलचा चार्जर काढा, बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवणाऱ्यांनी मागची पट्टी वाचावी. तिथे १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास फ्यूज उडतो किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर स्वस्ताईतला फायदा गेलाच.

दुकानात स्वतःची गिटार आणि केबल घेऊन जा. जाड ई तार मोकळी छेडा, खोका किंवा स्पीकर खडखडतो का ऐका. केबलचा जॅक हलक्या हाताने हलवा. आवाज तुटला तर दुसरा नग मागा. प्रत्येक नॉब शून्यापासून शेवटापर्यंत फिरवा, खरखर येता कामा नये. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात ही खरखर वर्षा-दोन वर्षांत नव्या अ‍ॅम्पलाही लागू शकते. तेव्हा अ‍ॅम्प बंद करून नॉब वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा. तरी गेली नाही तर मेकॅनिककडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या.