ट्रायबल वॉर्समधला ‘अचानक’ हल्ला: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पहिल्या आठवड्यातच एक गैरसमज गळून पडतो. ट्रायबल वॉर्स या एकमेकांची गावं जिंकायच्या ब्राउझर खेळात हल्ला लपवता येत नाही. सैन्य गावाबाहेर पडलं, की त्याच क्षणी समोरच्याच्या पडद्यावर ‘इनकमिंग’ची ओळ उमटते. हल्ला कोणाचा, कुठल्या गावातून निघाला आणि किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी पोचणार, हे सगळं त्यात असतं. नसतं ते एवढंच, की आत काय आहे. एकच रॅम (भिंत फोडायचं यंत्र) आहे, की वीस हजारांची फौज, की शेवटी गाव घेऊन जाणारा नोबल? गनिमी कावा म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, त्यातलं झाडीत दबा धरणं इथे नाही. शत्रूला तुम्ही येताना दिसता. कुठली ओळ खरी आणि ती कुठल्या सेकंदाला खरी, एवढंच त्याला कळू द्यायचं नसतं. २००३ पासून ब्राउझरमध्ये चालणाऱ्या या खेळाची सगळी गंमत आणि सगळा वैताग या एका गोष्टीत आहे.

वेगाचे आकडे पाठ असल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वर्ल्डचा (खेळ ज्या सर्व्हरवर चालतो त्याचा) वेग १ आणि युनिटचा (सैन्याच्या प्रकाराचा) वेग १ असेल, तर एक फील्ड, म्हणजे नकाशावरचा एक चौकोन, ओलांडायला स्काउटला (हेराला) ९ मिनिटं लागतात, लाइट कॅव्हलरीला (हलक्या घोडदळाला) १०, हेवीला (जड घोडदळाला) ११, भालेवाल्याला आणि कुऱ्हाडवाल्याला १८, तलवारवाल्याला २२, रॅम आणि कॅटापल्टला ३० आणि नोबलला ३५. दोन्ही वेगांचा गुणाकार करून या मिनिटांना भागायचं. वर्ल्ड २ आणि युनिट ०.५ असेल, तर मिनिटं जशीच्या तशी राहतात. नवे लोक नुसता वर्ल्डचा वेग बघतात आणि हिशेब चुकवून बसतात. अंतर सरळ रेषेत मोजतात. ५००|५०० वरून ५१२|५१६ वर जायचं, तर १२ चा वर्ग अधिक १६ चा वर्ग, म्हणजे ४००, आणि त्याचं वर्गमूळ २० फील्ड. अख्खी फौज तिच्यातल्या सर्वांत मंद युनिटच्या चालीने चालते.

आता हेच बचाव करणाऱ्याच्या बाजूने बघा. २० फील्डवरून कुऱ्हाडी निघाल्या तर ६ तास, रॅम असले तर १० तास, नोबल असला तर ११ तास ४० मिनिटं. इनकमिंगवर १० तास ५० मिनिटं शिल्लक दिसली, तर विचार करायचं कारणच नाही, तो नोबलच आहे. दुसरं कुठलंही युनिट इतका वेळ वाटेत नसतं. पण तीच ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हा ९ तास ५५ मिनिटं उरली असतील, तर ती रॅमची फेक (नुसता चकवायला सोडलेला खोटा हल्ला) असू शकते, खरी फौज असू शकते किंवा नोबलही असू शकतो. म्हणजे नोबल उघडा पडण्याची खिडकी दर फील्डला ५ मिनिटांची. २० फील्डवर १०० मिनिटं, ४ फील्डवर फक्त २०. आठ महिन्यांत हाती लागलेली सर्वांत कामाची गोष्ट कुठली विचाराल, तर हीच. नोबल जवळच्या गावातूनच पाठवायचे, आणि ती खिडकी समोरच्याच्या गैरहजेरीत सरून जाईल अशा बेताने निघायचं. लांबून, भर दुपारी, तो ऑनलाइन असताना सोडलेला नोबल म्हणजे दवंडी पिटून केलेली चोरी.

फेकचं काम इथूनच सुरू होतं. एका रॅमचा हल्ला आणि तीनशे रॅमसह निघालेला न्यूक (गावाची अख्खी आक्रमक फौज) सारख्याच चालीने येतात, म्हणून फेकमध्ये एक रॅम किंवा एक कॅटापल्ट हवाच. तो विसरून नुसत्या कुऱ्हाडी पाठवल्या, तर वेळेवरूनच फेक ओळखली जाते. काही वर्ल्डवर फेकला मर्यादा असते: हल्ल्यातल्या सैन्याची लोकसंख्या, तो ज्या गावातून निघतो त्या गावाच्या गुणांच्या किमान १ टक्का हवी. ९,००० गुणांच्या गावातून ९० लोकसंख्या लागते, म्हणजे १ रॅम (५) आणि ८५ कुऱ्हाडी. अशा वर्ल्डवर शंभर फेक म्हणजे साडेआठ हजार कुऱ्हाडी पणाला लागल्या. हा खर्च न धरता योजना आखणारे शेवटी निम्म्याच फेक सोडतात, आणि मग खऱ्या ओळी त्यातून उठून दिसतात. वॉचटॉवर असलेल्या वर्ल्डवर तर पल्ल्यात आलेल्या हल्ल्याचा आकार बचावकर्त्याला कळतो. तिथे एक रॅमची फेक त्या पल्ल्यापर्यंतच फेक असते.

खऱ्या न्यूकचं माप साधारण असं ठेवावं: ६,८०० कुऱ्हाडी, २,८०० लाइट कॅव्हलरी, ३०० रॅम. लोकसंख्या १९,५०० होते. ३० पातळीच्या फार्मवर जागा २४,००० ची असते आणि उरलेली इमारती खातात. रॅममध्ये काटकसर नको. भिंत उभी राहिली तर मागून येणारा दुसरा न्यूकही तिच्यावरच आपटतो. शिवाय नशिबाचा आकडा बहुतेक वर्ल्डवर उणे २५ ते अधिक २५ टक्क्यांमध्ये हिंदकळतो, त्यामुळे ‘सिम्युलेटरमध्ये जेमतेम जिंकतोय’ हा हल्ला पाठवण्याच्या लायकीचा नाही. सिम्युलेटरमध्ये नशीब उणे १५ घालून बघावं आणि तरी जिंकत असेल तरच सोडावा.

न्यूकच्या मागे ट्रेन, म्हणजे लागोपाठ पडणारे नोबल. गावाची निष्ठा १०० असते आणि एक नोबल ती २० ते ३५ ने पाडतो. सरासरी २७.५ धरली तर चार नोबलमध्ये ११०. नशीब फारच वाईट असेल तर चारही मिळून ८० वरच थांबतात. म्हणून महत्त्वाच्या गावाला पाचवा हाताशी ठेवावा. निष्ठा तासाला १ ने (वर्ल्डच्या वेगाच्या पटीत) परत चढते, तेव्हा पाचवा अर्ध्या तासाने आला तरी निष्ठेचं विशेष बिघडत नाही. बिघडतं ते मधल्या वेळात गावात आलेल्या मदतीने. चारही नोबल एकाच गावात असतील तर उत्तम. चौघांचा प्रवास सारखाच, त्यामुळे चार टॅबमध्ये खात्री करायची पानं उघडी ठेवून एकामागून एक क्लिक केले, की ते एका सेकंदाच्या आसपास लागोपाठ पडतात. मात्र एक नोबल १०० लोकसंख्या खातो, म्हणजे त्या गावातला ४०० चा तुकडा गेला. वेगवेगळ्या गावांतून चार नोबल जुळवायचे तर प्रत्येकाची निघायची वेळ वेगळी. जमतं, पण एकाने दोन सेकंद इकडेतिकडे केलं की मध्ये भगदाड पडतं, आणि अनुभवी बचावकर्ता त्याचीच वाट बघत असतो.

त्या भगदाडात सैन्य घुसवण्याला स्नाइप म्हणतात. न्यूक पडल्यानंतर आणि पहिला नोबल पडण्याआधी, किंवा दोन नोबलच्या मध्ये, बचावकर्ता आपलं सैन्य गावात उतरवतो. यातला सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे रद्द केलेली आज्ञा. सैन्य बाहेर पाठवल्यावर १० मिनिटांच्या आत आज्ञा मागे घेता येते, आणि जितका वेळ गेला तितक्याच वेळात ते परततं. ट्रेन १४:२०:१० ला पडणार असेल, तर १४:१०:१० ला सैन्य बाहेर काढायचं आणि १४:१५:१० ला रद्द करायचं. ते बरोबर १४:२०:१० ला दारात. यात एक मेख आहे. रद्द करायला एक सेकंद उशीर झाला की परतीत दोन सेकंदांचा फरक पडतो. म्हणजे सम सेकंदाला निघालात तर परत याल तेही सम सेकंदाला. विषम सेकंद गाठायचा असेल तर निघतानाच विषम सेकंद पकडावा लागतो. हे माहीत नसलेला माणूस रद्द करायचं बटण कितीही अचूक दाबो, नेमका सेकंदभर चुकतच राहतो आणि दोष इंटरनेटला देतो.

स्नाइपवर उतारा म्हणून नोबलसोबत किती सैन्य द्यावं, यावर खेळाडूंत एकमत नाही. पन्नास कुऱ्हाडींच्या सोबतीने पाठवलेला नोबल दोनशे भालेवाल्यांनी सहज मारला जातो. काही जण न्यूकचेच चार भाग करून प्रत्येक नोबलला एकेक देतात. त्याने स्नाइप अवघड होतो खरा, पण आधीचा न्यूक दुबळा पडतो, आणि या खेळात तुकड्यातुकड्यांनी केलेला हल्ला एकत्र हल्ल्यापेक्षा जास्त माणसं गमावतो. माझ्या मते दोन पूर्ण न्यूक पुढे आणि पहिल्या नोबलसोबत चांगली हजारभर लाइट कॅव्हलरी, बाकीच्यांना थोडी कमी, हे परवडतं.

एकाच सेकंदात एकाच गावावर चार ओळी दिसल्या, की ट्रेन ओळखायला कोणाला ज्योतिष लागत नाही. म्हणून फेकही ट्रेनच्याच आकारात पाठवाव्यात: शेजारच्या पाच गावांवर चार-चार, तेवढ्याच अंतराने. सुटी फेक आणि जुळवलेली ट्रेन अशी मिसळ केली, तर तुम्हीच उत्तरपत्रिका त्याच्या हातात दिलेली असते.

गाव पडल्यावर निष्ठा २५ वर येते. म्हणजे बचावकर्त्याचा एकच नोबल, २५ किंवा जास्त पाडणारा, ते परत घेऊ शकतो. कसलेले खेळाडू ट्रेन दिसताच हरलेलं गाव मनातून सोडतात आणि आपला नोबल तिच्यामागे दोन सेकंदांनी पडेल असा सोडतात. त्यामुळे हल्लेखोराची मदत, म्हणजे भालेवाले आणि हेवी, शेवटच्या नोबलनंतर लगोलग पोचायला हवी. तलवारी घातल्या तर मदतीची चाल १८ वरून २२ वर जाते. हा हिशेब विसरून ‘मदत निघाली आहे’ म्हणत बसणाऱ्यांची गावं तासाभरात परत गेलेली असतात.

दुसरा पलटवार बॅकटाइमचा. न्यूक कुठून आला आणि त्यात कुठलं युनिट सर्वांत मंद होतं हे अहवालात असतं. जितका वेळ यायला तितकाच जायला, तेव्हा तो घरी कुठल्या सेकंदाला पोचणार हे पक्कं. त्या सेकंदानंतर लगेच पडेल असा हल्ला त्याच्या गावावर पाठवायचा. थकूनभागून, लुटीने लादून आलेली आक्रमक फौज बचावाला अगदीच कुचकामी असते. हल्लेखोराकडे उपाय एकच: परतीच्या क्षणी जागं असणं आणि फौज पुन्हा बाहेर काढणं. म्हणून हल्ल्याची वेळ ठरवताना पोचण्याच्या वेळेइतकीच परतीची वेळही बघावी. रात्री तीनला परतणारी फौज सोडून झोपायला जाणं हा या खेळातला सर्वांत महाग आळस आहे.

रात्रीच्या बोनसबद्दल थोडक्यात. ठरलेल्या तासांत बचाव दुप्पट होतो, त्यामुळे सगळेच हल्ले बोनस संपताक्षणी येऊन कोसळतात. नियम झोप वाचवण्यासाठी असेल, पण त्याने हल्ल्याची वेळ मात्र सगळ्यांना आधीच कळते. खात्यावर दुसऱ्याला देखरेखीला बसवायची सोय आहे. एकट्याने खेळणाऱ्याचा त्याशिवाय निभाव लागत नाही.

फसण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. आपल्या यंत्राचं घड्याळ धरून क्लिक करणं (पानावर दिसणारी सर्व्हरची वेळच धरायची). न्यूक आणि ट्रेनमध्ये दहा-पंधरा सेकंद सोडणं. आणि मोबाइल अ‍ॅपच्या नोटिफिकेशनला कमी लेखणं: पहिला हल्ला सुटताच समोरचा फोन हातात घेतो, म्हणून फेकची पहिली लाट खऱ्या हल्ल्याच्या तासभर आधी सोडून त्याला ओळी मोजून कंटाळू द्यावं.

ओगेम या अंतराळातल्या ब्राउझर खेळात हेच तत्त्व वेगळ्या अंगाने येतं, आणि खरं सांगायचं तर तिथला पेच जास्त देखणा आहे. तिथेही हल्ला निघताच दिसतो. शिवाय हेरगिरीचं तंत्रज्ञान वाढवलं असेल तर आतलंही दिसू लागतं: पातळी २ ला एकूण जहाजं, ४ ला प्रकार, ८ ला प्रत्येक प्रकाराची संख्या. म्हणून ग्रहावर उभ्या ताफ्यावर जागा खेळाडू असताना काही चालत नाही. परतणाऱ्या ताफ्यावर चालतं. आपल्या चंद्रावरच्या फॅलँक्सने (ताफ्यांची ये-जा दाखवणाऱ्या यंत्रणेने) एका स्कॅनला ५,००० ड्युटेरियम (खेळातलं इंधन) मोजून त्याची परतीची वेळ बघायची आणि दोन सेकंदांनी पोचायचं. फॅलँक्सचा पल्ला पातळीच्या वर्गातून एक वजा करून निघतो. पातळी ५ ला २४ सिस्टिम. दुसऱ्याच्या चंद्रावरचं मात्र फॅलँक्सने बघता येत नाही, आणि ‘तैनात’ मोहिमेवरून मागे बोलावलेला ताफाही त्यात दिसत नाही. जाणकार याच दोन भोकांतून ताफे वाचवतात. रीसायकलर (मलबा उचलणारी जहाजं) मंद असतात, त्यामुळे ते हल्ल्याआधी निघायला हवेत. नाहीतर फुटलेल्या जहाजांचा ३० टक्के मलबा तिसराच उचलून नेतो. आणि ओगेममधला खरा अचानक हल्ला बचावकर्त्याचा असतो: रिकामा दिसणाऱ्या ग्रहावर, हल्ला पडायच्या दोन सेकंद आधी, मोठा ताफा उतरवणं. त्याला निन्जा म्हणतात. हल्लेखोराला उलटं वळायला वेळच राहत नाही.

ट्रॅव्हियन या तशाच ब्राउझर खेळात फील्डला मिनिटं नसून तासाला फील्ड असा हिशेब आहे. कॅटापल्ट ३, रॅम ४, गॉलांचे थंडर (घोडेस्वार) १९. ओळखण्याची रीत तीच. फरक जाणवतो तो हेरांचा, ते येताना समोरच्याला दिसतच नाहीत.

दिवसातून चार-पाच वेळा डोकावता येणाऱ्याला ट्रायबल वॉर्समध्ये बचाव करता येईल, टोळीसाठी फेक सोडता येतील, पण स्वतःची ट्रेन सेकंदावर पाडणं जमणार नाही. तसं असेल तर नोबल दुसऱ्याला सोडू द्यावेत आणि आपण त्यांच्या पुढचा न्यूक व्हावं. त्याला सेकंदाची अचूकता लागत नाही, काही सेकंद आधी पडला तरी चालतो. दहा सेकंद नंतर पडला, तर तो टोळीच्याच नोबलसोबत आलेल्या सैन्यावर जाऊन आदळतो.