कुत्र्याच्या केमोसाठी ऑनलाइन वर्गणी: मिलाप-केटोसारख्या सेवा कितपत कामाच्या?

कुत्र्याला लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघाला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सुचवतं, ‘मिलापवर टाक ना.’ मिलाप (बंगळुरू, २०१०) आणि केटो (मुंबई, २०१२) ही ऑनलाइन वर्गणी गोळा करून देणाऱ्या मंचांतली आपल्याकडची सगळ्यांत ओळखीची नावं. दोन्हीकडे प्राण्यांच्या उपचारांसाठी पान उघडता येतं. पान पटकन तयार होतं, यूपीआय आणि कार्ड चालतं, कोणी किती दिले याचा हिशेब आपोआप राहतो. इथवर तक्रारीला जागा नाही. पण ही सेवा म्हणजे नुसता गल्ला आहे. गिऱ्हाईक तुम्हालाच आणावं लागतं. लहान मुलांच्या शस्त्रक्रियांच्या पानांच्या गर्दीत कुत्र्याचं पान अनोळखी माणूस क्वचितच उघडतो. पैसे येतात ते सोसायटीच्या ग्रुपवरून, सकाळी कुत्री फिरवणाऱ्यांकडून, ऑफिसातून आणि नातलगांकडून. तेही बहुतेक पहिल्या काही दिवसांत. बिलं मात्र पाच महिने येत राहतात. या सेवेची खरी अडचण हीच, आणि तिच्यावर उपाय पान उघडण्याआधीच करावा लागतो.

तेव्हा आधी निदान पक्कं करा. गाठीतून सुईने पेशी काढल्या (एफएनएसी) आणि ‘कॅन्सर वाटतोय’ एवढ्यावर पान टाकू नका. बायोप्सीचा किंवा पेशी-तपासणीचा लेखी रिपोर्ट हातात हवा, कारण रोगाप्रमाणे आकडा पार बदलतो. मोकळ्या फिरणाऱ्या, नसबंदी न केलेल्या कुत्र्यांना जननेंद्रियावर होणारी संसर्गजन्य गाठ, म्हणजे टीव्हीटी, आपल्याकडे भरपूर दिसते. ती व्हिन्क्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा साधारण चार ते सहा इंजेक्शनांत बहुतेक वेळा पूर्ण बरी होते आणि औषध स्वस्त आहे. तिच्यासाठी लाखाचं पान टाकणं म्हणजे लोकांच्या भावनेवर हात मारणं. हाडाच्या कॅन्सरचं गणित वेगळं: पाय काढण्याची शस्त्रक्रिया, नंतर कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचे चार ते सहा डोस. खर्चाचा मोठा भाग सुरुवातीलाच.

लिम्फोमाचं उदाहरण सविस्तर घेऊ, कारण वर्गणीचा अंदाज सगळ्यांत जास्त तिथेच चुकतो. प्रचलित उपचार म्हणजे ‘चॉप’: सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टीन आणि प्रेडनिसोलोन. १९ आठवड्यांच्या आराखड्यात १६ भेटी होतात: व्हिन्क्रिस्टीनच्या ८, सायक्लोफॉस्फामाइड आणि डॉक्सोरुबिसिनच्या ४-४. डोस शरीराच्या पृष्ठफळावर ठरतो. २५ किलोच्या कुत्र्याचं पृष्ठफळ साधारण ०.८६ चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन ३० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर धरलं तर सुमारे २६ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे १० मिलिग्रॅमच्या तीन कुप्या. दुकानात ५० ची एकच कुपी असेल तर जवळपास अर्धं औषध वाया, आणि पैसे पूर्ण कुपीचे. एस्टिमेटमध्ये कुपी कोणती धरली आहे हे विचारायला लाजू नका.

तरी औषध हा बिलाचा मोठा भाग नसतोच. प्रत्येक डोसआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) लागते, डॉक्सोरुबिसिनआधी हृदयाची तपासणी, शिवाय सलाइन, उलटीचं औषध आणि भेटीची फी. पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल, १,५०० ते २,००० च्या खाली गेल्या तर डोस आठवडाभर पुढे ढकलतात. ती सीबीसी पुन्हा करावी लागते. ताप आला तर एक-दोन दिवस दाखल. म्हणून हिशेब असा मांडा: समजा एका भेटीचे ७,००० रुपये, तर १६ भेटींचे १,१२,०००. सुरुवातीच्या तपासण्या १५,००० धरल्या तर १,२७,०००. त्यावर २० टक्के अडीअडचणीला, म्हणजे एकूण १,५२,४००. हे आकडे नमुन्याचे. तुमचे तुमच्या व्हेटच्या लेटरहेडवरून घ्या. मुंबईत असाल तर परळचं बाई साकरबाई, म्हणजे आपलं बैलघोडा हॉस्पिटल, आणि महालक्ष्मीचं टाटा ट्रस्ट्सचं २०२४ मध्ये सुरू झालेलं हॉस्पिटल, दोन्हीकडे दर विचारून मग रक्कम ठरवा.

आता शुल्क. ‘शून्य टक्के’ अशी जाहिरात आज सगळीकडे दिसते. तरी पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे वळते करणाऱ्या कंपनीचं) शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापला जातो. गेटवे २ टक्के धरला तर जीएसटीसह २.३६ टक्के, म्हणजे दीड लाखावर ३,५४० रुपये. दुसरी गोष्ट ‘टिप’. पैसे भरताना मंचासाठी काही टक्के आधीच निवडलेले असतात. एक हजार देणाऱ्या काकूंच्या खात्यातून अकराशे जातात, कुत्र्याच्या वाट्याला हजारच, आणि त्यांना वाटतं अकराशे तुम्हाला पोहोचले. व्हॉट्सॲपच्या निरोपात एक ओळ टाकाच: ‘टिप शून्य केली तरी चालेल.’ मंचाने जाहिरात करून देऊ म्हटलं तर तिचा खर्च जमलेल्या रकमेतून जाणार का, हे लेखी घ्या. घरच्यांकडून आणि शेजाऱ्यांकडून थेट यूपीआयवर घेतलं तर कापाकापी काहीच नाही. पान दूरच्या ओळखीच्यांसाठी ठेवा.

पैसे अडकतात ते कागदांपायी. पॅनवरचं नाव आणि बँक खात्यातलं नाव एक नाही, पान बहिणीच्या नावाने आणि खातं भावाचं, एस्टिमेटवर व्हेटचा नोंदणी क्रमांक नाही, बायोप्सीवर कुत्र्याचं नाव ‘ब्रूनो’ आणि पानावर ‘बाबू’. पान टाकण्याआधी सगळीकडे एकच नाव करून घ्या. मंच थेट हॉस्पिटलच्या खात्यात पैसे पाठवत असेल तर तोच पर्याय निवडा. देणाऱ्याचा विश्वास बसतो आणि पावत्यांचा घोळ टळतो.

कराबद्दल पानावर सहसा कोणी बोलत नाही. नातलग सोडून इतरांकडून आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० च्या पुढे गेली, तर फक्त वरची नव्हे, सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. कुत्र्याच्या उपचारांसाठी म्हणून सूट नाही. पैसा थेट हॉस्पिटलला गेला असला तरी सीएला आधी विचारा आणि बिलं जपा. देणाऱ्यांना करसवलतीची (८०जी) पावतीही देता येत नाही. ती फक्त नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर. कोणी मागितली तर सरळ नाही म्हणा.

न्यू जर्सीतल्या भाच्याने तिकडे गोफंडमीवर पान उघडायचं ठरवलं, तर त्या सेवेत भारतीय बँक खातं चालत नाही. पैसे तिथल्याच खात्यात काढून मग इकडे पाठवावे लागतात. अमेरिकेत प्रत्येक देणगीतून २.९ टक्के आणि ३० सेंट जातात ते वेगळे. भारतीय पासपोर्टवाल्याने आपल्या बचतीतून दिलेला पैसा कायद्याने विदेशी देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललेल्याचा ठरू शकतो. म्हणून तिकडच्या मित्रमंडळींचा पैसा घेण्याआधी नियम नीट पाहा.

रक्कम एकदम मागू नका. पहिल्या पानावर तपासण्या आणि सुरुवातीच्या चार भेटी एवढंच मागा. चौथ्या भेटीला गाठी कितपत गेल्या ते कळलेलं असतं. तो रिपोर्ट, बिलांचे फोटो आणि पुढच्या बारा भेटींचा आकडा टाकला की दुसऱ्यांदा मागताना संकोच राहत नाही, आणि आधी दिलेलेच पुन्हा देतात. पानावर हेही स्पष्ट लिहा की लिम्फोमा ‘बरा’ होईल असं नाही. चॉपने बहुतेक कुत्र्यांच्या गाठी विरतात, पण पुढचं आयुष्य साधारण वर्षभराचं. उपचार न करता ते चार ते सहा आठवड्यांचं.

कुत्रा मधेच गेला तर त्याच आठवड्यात पान बंद करून तसं लिहा. न काढलेली रक्कम परत करता येईल का हे मंचाला विचारा. काढलेल्या रकमेतून हॉस्पिटलची उधारी फेडून उरेल ती कुठे द्यायची, हे देणाऱ्यांना ग्रुपवर विचारून ठरवा आणि पावती तिथेच टाका.